मध्यरात्रीचा बाप्तिस्मा : हार्डीच्या 'टेस'मधील धर्मचिन्हे आणि लोकरूढी

पदवीच्या शेवटच्या वर्षाला मी बरीच वर्षे थॉमस हार्डीची 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' ही कादंबरी शिकवली. परीक्षेत येणारा प्रश्न ठरलेला असे आणि माझे उत्तरही ठरलेले असे. हार्डीचा देवावरचा विश्वास उडाला होता, म्हणून त्याने या कादंबरीत ख्रिस्ती धर्मसंस्थेवर हल्ला चढवला. टेस ही त्या संस्थेची आणि तिने पोसलेल्या नीतिकल्पनांची बळी. फळ्यावर दोन रकाने आखून मी एकावर 'धर्म' आणि दुसऱ्यावर 'निसर्ग' असे लिहीत असे. मुले ते निमूटपणे वहीत उतरवून घेत.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, धर्मानेच टेसला छळले असेल, तर बाळ मरायला टेकल्यावर ती बाप्तिस्म्याचाच हट्ट का धरते? आणि ज्याने तिला टाकले, तो नवरा तर देवाधर्माला मानतच नव्हता ना?" मी त्या दिवशी वेळ मारून नेली. पण माझे दोन्ही रकाने त्या प्रश्नाने मोडले होते. निवृत्तीनंतर कादंबरी पुन्हा सावकाश वाचली, ती त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी. ते उत्तर, म्हणजे मला जेवढे सापडले तेवढे, या लेखात मांडते आहे.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डॉर्सेट आणि आसपासच्या परगण्यांना हार्डीने 'वेसेक्स' हे जुने नाव देऊन आपल्या कादंबऱ्या तिथे घडवल्या. तिथल्या मार्लट नावाच्या खेड्यातला जॉन डर्बीफील्ड हा गरीब फिरता विक्रेता. आपण डर्बरव्हिल या जुन्या सरदार घराण्याचे वंशज आहोत, हे त्याला एका धर्मगुरूकडून कळते. मग घरची नड म्हणून थोरली मुलगी टेस हिला त्याच नावाच्या एका श्रीमंत घरी पाठवले जाते. ते लोक खरे डर्बरव्हिल नसतातच. व्यापारात पैसा कमावल्यावर त्यांनी ते आडनाव उचललेले असते. त्या घरचा तरुण अ‍ॅलेक एका रात्री रानात टेसच्या असहायतेचा फायदा घेतो. ती घरी परतते, तिला मूल होते, ते जगत नाही. पुढे टॅलबोथेजच्या गोठ्यावर गाई पिळायचे काम करताना तिची एंजल क्लेअरशी ओळख होते आणि त्यांचे लग्न होते. लग्नाच्या रात्री ती त्याला सारे सांगते आणि तो तिला सोडून जातो. दारिद्र्याच्या रेट्याने ती पुन्हा अ‍ॅलेकच्या हाती सापडते. एंजल परततो तेव्हा उशीर झालेला असतो. टेस अ‍ॅलेकचा खून करते, स्टोनहेंजच्या शिळांमध्ये पकडली जाते आणि फासावर जाते.

कात्री लागलेले प्रकरण

कादंबरीच्या आतल्या रूढीकडे जाण्याआधी बाहेरच्या रूढीकडे पाहायला हवे, कारण जी रूढी टेसला शासन करते तिनेच या कादंबरीचीही काटछाट केली.

त्या काळी कादंबरी आधी नियतकालिकातून क्रमशः येई आणि मग पुस्तकरूपाने. नियतकालिक घरात मोठ्याने वाचले जाई, बायकामुले ते ऐकत. त्यामुळे संपादक प्रत्येक ओळ जपून छापत. हार्डीने आधी बोल्टन इथल्या टिलट्सन या वृत्तपत्रसंस्थेशी करार केला होता. हस्तलिखिताचा भाग वाचल्यावर त्यांना ते झेपेना आणि करार मोडला. मग 1889 मध्ये 'मरेज मॅगझिन' आणि 'मॅकमिलन्स मॅगझिन' या दोघांनीही नकार दिला. शेवटी 'द ग्राफिक' या सचित्र साप्ताहिकात जुलै ते डिसेंबर 1891 या काळात ती छापून आली. पण हार्डीने स्वतःच्या हाताने तिचे अवयव कापून दिल्यानंतर. रानातली ती रात्र गेली आणि तिच्या जागी अ‍ॅलेकने रचलेले खोटे लग्न आले. बाळ गेले. बाळच गेल्यावर त्याचा बाप्तिस्माही गेला.

कापलेले तुकडे हार्डीने टाकून दिले नाहीत. बाप्तिस्म्याचे प्रकरण मे 1891 मध्ये 'फोर्टनाइटली रिव्ह्यू' या वैचारिक नियतकालिकात 'मध्यरात्रीचा बाप्तिस्मा' अशा अर्थाच्या शीर्षकाखाली स्वतंत्रपणे आले. ख्रिस्ती धर्माचा एक अभ्यास, असे त्याचे उपशीर्षक होते. दुसरा तुकडा नोव्हेंबरमध्ये 'नॅशनल ऑब्झर्व्हर'मध्ये आला. वर्षाअखेरीस तीन खंडांत पुस्तक निघाले तेव्हा बाळ आणि बाप्तिस्मा आपल्या जागी परतले, आणि अगदी शेवटच्या क्षणी हार्डीने मुखपृष्ठावर टेसला 'निर्मळ स्त्री' म्हणणारे उपशीर्षक जोडले. खरा गदारोळ त्या एका विशेषणावरून उठला.

'ग्राफिक'मधला आणखी एक बदल विद्यार्थ्यांना सांगितला की वर्गात हशा पिकत असे. रविवारी चर्चला निघालेल्या चार गवळणींची वाट पुराच्या पाण्याने अडते, आणि एंजल एकेकीला उचलून पलीकडे नेतो, असा एक सुंदर प्रसंग आहे. अविवाहित पुरुषाने तरुण मुलींना हातांवर उचलणे संपादकांना प्रशस्त वाटले नाही. त्यांच्या सूचनेवरून हार्डीने एंजलच्या हाती एक ढकलगाडी दिली आणि मुली त्या गाडीतून पलीकडे गेल्या! वर्ग हसे, मीही हसे. आता वाटते, हसून सोडून देण्याइतकी ती साधी गोष्ट नाही. फसवून केलेले खोटे लग्न चालते, पण मरणाऱ्या लेकरावर आईने पाणी घालणे चालत नाही; हा निवाडा ज्या समाजाने दिला, तोच समाज कादंबरीच्या पानापानांत टेससमोर उभा आहे.

हात धुण्याच्या भांड्यातले पाणी

आता तो प्रसंग पाहू. ऑगस्टचा महिना आहे, कापणीचे दिवस. टेस शेतावर राबून परत येते तो बाळ अत्यवस्थ. तिला बाळाच्या मरणापेक्षा ते बाप्तिस्म्यावाचून मरेल याचे भय वाटते. लहानपणापासून ऐकलेली नरकाची वर्णने तिच्या डोळ्यांपुढे नाचू लागतात. धर्मगुरूला बोलवा म्हणून ती विनवते, पण नुकताच दारूच्या गुत्त्यावरून आलेला बाप घराण्याच्या अब्रूचे नाव काढून दाराला कुलूप लावतो आणि किल्ली खिशात टाकतो. सरदारकीची अब्रू या बापाला नुकतीच मिळाली आहे, आणि तिचा पहिला उपयोग तो नातवाला धर्मापासून रोखण्यासाठी करतो.

मध्यरात्री टेस लहान भावंडांना उठवते. हात धुण्याचे भांडे पुढे ओढते, तांब्यातून पाणी ओतते. भावंडे गुडघे टेकून हात जोडतात. पाठची बहीण चर्चमधल्या सेवकासारखी प्रार्थनेचे पुस्तक उघडून धरते. मेणबत्तीच्या उजेडात, पांढऱ्या झग्यातली, पाठीवर लांब वेणी सोडलेली टेस बाळाला हातावर घेते. नाव काय ठेवायचे ते ठरलेले नसते. उत्पत्तीच्या पुस्तकात हव्वेला मिळालेल्या शापातला एक शब्द तिला आठवतो, आणि ती बाळाचे नाव 'दुःख' असे ठेवते. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाणी घालते, बोटाने क्रूस रेखते. भावंडे बारीक आवाजात 'आमेन' म्हणतात. त्या क्षणी ती त्यांना आपली ताई वाटत नाही. कुणीतरी मोठे, भीतियुक्त आदर वाटावा असे, जवळजवळ दैवी दिसते. पहाटे बाळ जाते.

इथे हार्डी ख्रिस्ती विधीची चेष्टा करत नाही. बाप्तिस्म्याचा हा प्रसंग संपूर्ण कादंबरीतला सर्वांत गंभीर धार्मिक प्रसंग आहे. फक्त त्यात चर्च नाही, वेदी नाही, पुरुष नाही. विधी तोच, शब्द तेच. पण ते उच्चारण्याचा अधिकार ज्यांच्याकडे नाही, त्यांच्या तोंडी ते पहिल्यांदा खरे होतात.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होते. टेस धर्मगुरूला गाठून विचारते की, मी केलेला बाप्तिस्मा तुम्ही केलेल्याइतकाच ठरेल ना? आपल्या धंद्यातले काम गिऱ्हाइकांनी घरच्या घरी उरकून टाकल्यावर एखाद्या कारागिराला जसे वाटावे तसे त्याला वाटते, आणि 'नाही' म्हणावे असे मनात येते. पण तिचा चेहरा पाहून तो नरमतो. बाळाच्या दृष्टीने ते सारखेच आहे, असे सांगतो. मग टेस लगेच विचारते की, तर त्याला ख्रिस्ती रीतीने दफन कराल ना? इथे तो अडकतो. आपण दोघेच असतो तर केले असते, पण काही कारणांमुळे ते जमणार नाही, असे त्याचे उत्तर असते.

या उत्तरामागचा कायदा समजून घेतल्याशिवाय त्याची खोली कळत नाही. इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या प्रार्थनापुस्तकात अशी सूचना होती की बाप्तिस्मा न झालेले, बहिष्कृत आणि आत्महत्या केलेले यांच्यासाठी दफनविधीची प्रार्थना म्हणायची नाही. घरगुती बाप्तिस्माही अधिकृत धर्मगुरूनेच द्यावा, असा बदल 1604 मध्ये त्या पुस्तकात झाला होता. मग सामान्य माणसाने दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य की नाही? हा प्रश्न न्यायालयात गेला होता. 1809 मध्ये एका आणि 1841 मध्ये दुसऱ्या खटल्यात, चर्चबाहेरच्या पंथाच्या उपदेशकाने बाप्तिस्मा दिलेल्या बाळाला दफनविधी नाकारणाऱ्या धर्मगुरूंच्या विरुद्ध निकाल लागला. पाणी घातले असेल आणि त्रैक्याचे नाव घेतले असेल, तर बाप्तिस्मा अनियमित असला तरी झालेला आहे, असे न्यायालयाने मानले. दुसरा निकाल 1842 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही कायम केला. टेसने पाणी घातले होते आणि त्रैक्याचे नाव घेतले होते.

म्हणजे कायदा टेसच्या बाजूने उभा राहू शकत होता. स्वतः धर्मगुरूच्या मते देवाचाही आक्षेप नव्हता. मग अडले कुठे? हार्डी सांगतो की बाळाच्या आजाराची बातमी ऐकून हा धर्मगुरू रात्री तिच्या घरी आला होता. दार बापाने लावले हे त्याला माहीत नव्हते, तो समजला टेसनेच नाकारले. म्हणून निकड होती ही सबब त्याला मान्य करता येईना. हार्डी त्याला दुष्ट करत नाही. पण 'आपण दोघेच असतो तर' हे त्याच्या उत्तरातले शब्द मला महत्त्वाचे वाटतात. त्या दोघांखेरीज तिथे तिसरे कोण आहे? देव नाही, कारण देवाच्या वतीने तर त्याने आत्ताच होकार दिला. तिसरे आहे ते गाव. लोक काय म्हणतील, वरिष्ठ काय म्हणतील, आज हिला दिले तर उद्या कोण मागेल. धर्म आणि रूढी यांच्यातला सांधा हार्डीने एवढ्या एका संभाषणात उकलून दाखवला आहे.

लाल रंग आणि दगडी हात

एकदा हा सांधा दिसला की कादंबरीतली बाकीची धर्मचिन्हेही वेगळी दिसू लागतात. प्रत्येक चिन्हापाशी हार्डी विचारतो की, ते कोणाच्या हातात आहे?

अ‍ॅलेकच्या घरून टेस परत येत असते तो रविवार असतो. वाटेत तिला हातात लाल रंगाचा डबा घेतलेला एक माणूस भेटतो. आठवडाभर पोटासाठी पाट्या रंगवायच्या आणि रविवारी देवासाठी कुंपणांवर बायबलातली वचने रंगवायची, हा त्याचा नेम. तिच्या डोळ्यांदेखत तो नाश टळणार नाही अशा अर्थाचे एक वचन भडक लाल अक्षरांत रंगवतो, आणि प्रत्येक शब्दापुढे स्वल्पविराम देतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या काळजात एकेक शब्द रुतत जावा. टेस त्याला विचारते, पाप आपण होऊन केलेले नसेल तर? त्यावर त्याच्याकडे उत्तर नसते. असल्या बारकाव्यांत आपण शिरत नाही, असे तो म्हणतो आणि पुढच्या भिंतीवर व्यभिचाराची आज्ञा रंगवायला निघतो. देव असे काही बोलला असेल हे मला खरे वाटत नाही, असे टेस मनाशी म्हणते. बायबल इथे खोटे ठरत नाही. खोटा ठरतो तो स्वल्पविराम देणारा हात. समोरच्या माणसाकडे न पाहता वचन रंगवत जाणारा हात.

दुसरे चिन्ह म्हणजे 'क्रॉस-इन-हँड' हा दगड. डॉर्सेटमध्ये बॅटकोंबजवळच्या माळावर असा एक दगडी खांब आहे. कादंबरीत अ‍ॅलेक मध्यंतरी पश्चात्ताप होऊन धर्मोपदेशक बनतो, आणि त्याच रस्त्यावर टेसशी गाठ पडल्यावर तो तिला या खांबावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतो : मी तुला पुन्हा कधी मोहात पाडणार नाही. ज्याने तिचे आयुष्य नासवले तोच तिला मोह म्हणतो, आणि ती बिचारी शपथ घेते. थोडे पुढे गेल्यावर एक धनगर भेटतो. हा कोणता पवित्र क्रूस, असे ती त्याला विचारते. तो सांगतो, हा क्रूस नव्हेच, ही अपशकुनी जागा आहे. इथे एका गुन्हेगाराचा हात खांबाला ठोकून त्याचा छळ झाला होता आणि मग त्याला फाशी दिले होते. क्रूस म्हणून ज्याला हात लावला ती छळाची खूण निघाली. हार्डीने या दगडाचा उपयोग शोभेसाठी केलेला नाही. फासावर जाणारी टेस इथेच त्या गुन्हेगाराच्या रांगेत उभी राहते.

या दोन चिन्हांच्या उलट टोकाला टेसने स्वतः केलेला क्रूस आहे. धर्मगुरूने नाकारल्यावर बाळाचे दफन रात्री कंदिलाच्या उजेडात होते. कबर खोदणाऱ्याला एक शिलिंग आणि बिअर दिली जाते, आणि आवारातल्या ज्या कोपऱ्यात खाजकुइलीसारखी झुडपे माजलेली असतात, जिथे बाप्तिस्मा न झालेली बाळे, दारुडे आणि आत्महत्या केलेले पुरले जातात, तिथे त्याला जागा मिळते. टेस दोन पट्ट्या सुतळीने बांधून क्रूस करते आणि कुणी पाहत नाही असे बघून एका संध्याकाळी तो कबरीच्या डोक्याशी रोवते. पायथ्याशी फुले ठेवते, ती मुरंब्याच्या बरणीत. सोन्याचा नाही, दगडाचा नाही, पण ज्यात फसवणूक नाही असा तो क्रूस आहे.

श्रद्धा गेली, रूढी उरली

आता त्या मुलीच्या प्रश्नाचा दुसरा भाग : नवरा तर देवाधर्माला मानत नव्हता ना?

खरेच मानत नव्हता. एंजल हा एमिन्स्टरच्या कडव्या पण सच्च्या धर्मगुरूचा धाकटा मुलगा. दोघे थोरले भाऊ चर्चच्या सेवेत गेले. चर्चच्या एकोणचाळीस कलमांवर मनापासून सही करता येणार नाही, म्हणून एंजलने धर्मगुरू होणे नाकारले आणि त्यापायी केंब्रिजलाही मुकला. तो हार्प वाजवतो, ग्रीकांची थोरवी गातो, टेसला आर्टेमिस आणि डिमिटर अशा देवतांच्या नावांनी हाक मारतो. मला टेसच म्हणा, असे ती त्याला सांगते. तो तिला माणूस म्हणून पाहत नाही हे तिला त्याच्याआधी कळलेले असते.

लग्नाची तारीख 31 डिसेंबर. त्या रात्री शेकोटीपुढे बसून एंजल आधी कबुली देतो की लंडनमध्ये एका अनोळखी बाईबरोबर त्याने दोन दिवस घालवले होते. टेसला केवढा दिलासा वाटतो! ती तत्काळ क्षमा करते आणि आपली हकिकत सांगते. ती संपते तेव्हा एंजलला वाटते की जिच्यावर आपण प्रेम केले ती ही नव्हे. तिच्या रूपात दुसरीच कुणी बाई बसली आहे.

या असमान न्यायाला इंग्लंडच्या कायद्याचाच आधार होता. 1857 च्या विवाहविषयक कायद्यानुसार नवऱ्याला केवळ बायकोच्या व्यभिचारावरून घटस्फोट मिळे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराला क्रौर्य किंवा परित्याग यांसारख्या दुसऱ्या दोषाची जोड दाखवावी लागे. हा फरक 1923 पर्यंत टिकला. एंजल देवाला नाकारू शकतो, बायबलातले चमत्कार नाकारू शकतो, बापाचा मान मोडू शकतो. पण हा फरक त्याच्या रक्तात आहे आणि त्याचे त्याला भानही नाही. टेसला सोडून ब्राझीलला निघताना तो इझ नावाच्या दुसऱ्या गवळणीला सहज विचारतो, माझ्याबरोबर येतेस का? टेसच्या हातून न कळत झालेले जे त्याला सहन होत नाही, ते तो कळून सवरून दुसरीला करायला सांगतो. इझच त्याला भानावर आणते. टेसइतके प्रेम तुमच्यावर कुणीच करू शकणार नाही, असे ती खरेखुरे सांगून टाकते.

याउलट त्याचे म्हातारे आईबाप. वडील क्लेअर नरकावर अक्षरशः विश्वास ठेवणारे. पण पतित, दीन, टाकलेल्या माणसांकडे त्यांचे मन आधी धावते. हार्डी स्पष्टच म्हणतो की टेस त्या दिवशी त्यांच्यापर्यंत पोचली असती तर तिची स्थितीच त्यांना जिंकून गेली असती. ती पायपीट करत एमिन्स्टरला जातेही. चांगले बूट घालून जाड बूट कुंपणात लपवते. चर्चवरून परतणाऱ्या दिरांच्या दृष्टीस ते बूट पडतात, कुणा भामट्याने सहानुभूती मिळवण्यासाठी टाकले असतील असे त्यांचे बोलणे तिच्या कानी येते, आणि मुलांवरून आईबापाची परीक्षा करून ती दाराशी न जाता परत फिरते. बूटही कुणा गरिबाला द्यायला म्हणून उचलून नेले जातात.

मला सापडलेले उत्तर ते हे. हार्डीने धर्म एका बाजूला आणि माणुसकी दुसऱ्या बाजूला असे रकाने आखलेच नव्हते; ते मी आखले होते. त्याने दाखवले ते अधिक अवघड आहे. श्रद्धा मेली तरी तिने घालून दिलेली रूढी मरत नाही. श्रद्धेत निदान दयेला जागा होती, पश्चात्तापाला जागा होती. ती गेल्यावर मागे उरलेल्या कोरड्या रूढीत क्षमा करणारे कुणी नसते. म्हणून टेसला टाकतो तो नास्तिक मुलगा, आणि स्वीकारू शकला असता तो कर्मठ बाप.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. 'टेस' पुस्तकरूपाने आली त्याच सुमारास हरिभाऊ आपटे 'करमणूक'मधून 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः लिहीत होते. त्याच्या आधी, 1882 मध्ये, ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली, ती सुरतेच्या एका तरुण विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाल्यावर उठलेल्या चर्चेच्या संतापातून. त्याच अपराधात पुरुषाला शिक्षा का नाही, हा त्यांचा प्रश्न टेसच्या लग्नाच्या रात्रीचाच आहे. आणि 1873 मध्ये पहिली पत्नी वारल्यावर विधवाविवाहाचे पुरस्कर्ते न्यायमूर्ती रानडे यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, तेव्हा विचार आणि आचार यांच्यातली तीच फट आपल्याकडेही दिसली. फरक एवढाच की रानड्यांवर वडिलांचा दाब होता. एंजलला अडवणारा बाप त्याच्या बाहेर नव्हता, आत होता.

वेदीवरची टेस

शेवटी स्टोनहेंज. पळता पळता रात्री दोघे त्या प्रचंड शिळांपाशी पोचतात. दमलेली टेस एका आडव्या शिळेवर पडते. इथे देवाला बळी देत असत का, असे ती विचारते. एंजल म्हणतो, देवाला नव्हे, बहुधा सूर्याला. मेल्यावर आपण पुन्हा भेटू का, असेही ती विचारते, आणि एंजलजवळ त्याचे उत्तर नसते. कादंबरीच्या आरंभी मेमधल्या जुन्या लोकनृत्यात पांढरे कपडे घालून नाचणारी, केसांत तांबडी फीत बांधलेली हीच मुलगी होती. ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या काळातून आलेल्या त्या उत्सवापासून तशाच काळातल्या या शिळांपर्यंत तिचा प्रवास पूर्ण होतो. पण ती वेदी रिकामी आहे. बळी घेणारा देव कधीच निघून गेला आहे. सूर्योदयाबरोबर शिळांमधून पुढे येतात ते पोलीस. ती शांतपणे उठते आणि आपण तयार आहोत असे सांगते.

हार्डी चर्चच्या इमारतींचे काम शिकलेला वास्तुविशारद होता. त्याला वेद्या, कबरी, थडगी आतून माहीत होती. आणि 1856 मध्ये, सोळा वर्षांचा असताना, डॉर्चेस्टरला एका बाईला फाशी दिलेले त्याने डोळ्यांनी पाहिले होते. टेसच्या फाशीचे वर्णन तो करत नाही. तुरुंगावर काळे निशाण चढते, ते दूरच्या टेकडीवरून एंजल आणि टेसची धाकटी बहीण लिझा-लू पाहतात. तिच्याशी लग्न कर, अशी टेसने त्याला गळ घातलेली असते. आमच्याकडे मेहुणीशी लग्ने सर्रास होतात, असे ती सांगते. मार्लटच्या गरिबांत ते चालत असेल, पण चर्चच्या नियमावर बेतलेल्या कायद्याने असे लग्न इंग्लंडमध्ये 1907 पर्यंत निषिद्ध होते. मरतानाही टेस ज्याला घर म्हणते ते रूढीच्या कुंपणाबाहेरच आहे.

माझ्या आजीची एक मुलगी तीन महिन्यांची होऊन गेली. तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत. पुरुषमंडळी तिला घेऊन गेली आणि कुठे पुरले ते आजीला कुणी सांगितले नाही. तेरावे नाही, श्राद्ध नाही. आजी वर्षातून एका संध्याकाळी तुळशीपाशी नेहमीच्या पणतीशेजारी दुसरी एक पणती लावत असे. ही कोणाची, असे मी लहानपणी विचारले होते. "आहे एकीची," एवढेच ती म्हणाली. कोणत्याही पोथीत तो विधी नाही.

मुरंब्याच्या बरणीविषयी हार्डीने वाचकाला बजावले आहे की, आईच्या डोळ्यांना बरणीवरचा दुकानदाराचा कागद दिसत नव्हता. त्या मुलीने पुन्हा विचारले, तर मी फळ्यावर रकाने आखणार नाही. आजीच्या दुसऱ्या पणतीची गोष्ट तिला सांगेन.